फायबरच्या तोंडात कुंकू

आमच्या घरात तांबं माहीत होतं. वडील यवतमाळला मोटर वाइंडिंग करायचे, त्यामुळे तार चिमटीत धरून तिची जाडी सांगणं मला लहानपणापासून जमतं. पुढे घरातला पहिला पदवीधर झालो, हिंजवडीत नेटवर्कच्या कामाला लागलो, तेव्हा संगणक एकमेकांना जोडणारा स्विचचा डबा मला परका वाटला नाही. चोवीस पोर्ट, त्यात तांब्याच्या केबली. खटकन बसली की हिरवा दिवा. नवी होती ती उजव्या टोकाची फायबर. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो, तोही केसाएवढ्या काचेतून. शंभर मीटरवर तांबं थकतं. ही काच रस्त्यापलीकडच्या इमारतीपर्यंत सहज पोचते. मला तिचं आजही कौतुक वाटतं.

ती पलीकडची इमारत जोडायचं काम पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर सोपवलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे परदेशी पाहुणे कामाला बसणार होते. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर प्रोबेशन वाढणार, हे मॅनेजरांनी तोंडावर सांगितलेलं.

त्या दिवशी सकाळी पिवळी फायबर लावली. दिवा नाही. तिला प्रत्येक बाजूला दोन टोकं असतात, एक उजेड पाठवणारं, एक घेणारं. अदलाबदल केली. तरी नाही. तांब्याचे पोर्ट मात्र मजेत लुकलुकत होते.

माझ्या वरिष्ठ मॅडम, नारायण पेठेतल्या, मागे येऊन उभ्या राहिल्या.

"घाबरलात?"

"हो."

"मग आधी घाबरून घ्या. वेळ आहे अजून."

मी फायबर काढली, ती जिथे बसते ते मॉड्यूलही बाहेर ओढलं आणि त्याच्या तोंडावर टॉर्च मारला. आत लाल दिसलं. खंडेनवमीला ॲडमिनच्या काकांनी नव्या स्विचची पूजा केली होती. त्यांना बोलावलं.

"एकही भोक सोडलं नाही," काका म्हणाले. "ह्या टोकाच्यांना काळी बुचं होती. तोंड बंद ठेवून पूजा कशी करायची? काढली मग."

"काका, कुंकू देवाच्या कपाळाला लावतात," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यात घालत नाहीत."

तांब्याच्या पोर्टांनाही कुंकू लागलंच होतं. पण तिथे धातूला धातू टेकला की भागतं. काचेसमोर कण आला की उजेड अडतो.

दुसरं मॉड्यूल जवळ नव्हतं. धागे न सुटणारी बारीक काडी अल्कोहोलमध्ये भिजवून मी मॉड्यूलचं तोंड पुसलं, मग फायबरची दोन्ही टोकं. पुन्हा पुसलं. मॅडमना हे काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. त्यांनी हात पाठीमागेच ठेवले. एवढा धीर मी फार कमी वरिष्ठांत पाहिला.

फायबर बसवली. दिवा लागला. पलीकडून फोन आला, चालू झालंय म्हणून.

मॅनेजर दारात आले. "वाचवलंत, मॅडम."

"मी नुसती उभी होते. उभं राहायचा पगार कंपनी देतेच मला. काम ह्यांनी केलंय. कायम केल्याचं पत्र काढाल तेव्हा आडनाव नीट लिहा ह्यांचं, मागच्या वेळी चुकवलंत."

पुण्यातलं कौतुक असं येतं, हे मला तेव्हा समजलं. पाहुणे ठरल्या वेळी बसले. पत्र आलं. आडनाव बरोबर होतं.