थोरलीच्या लेगहॉर्न

थोरली शाळेत शिपाई होती, पण गल्लीत तिला ओळखायचे ते कोंबड्यांवरून. फार्मवरच्या लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या कोंबड्या अंडी भरपूर देतात. मोकळ्या अंगणात आणल्या की पहिल्या कडाक्याच्या थंडीत माना टाकतात. थोरलीने मनावर घेतलं. तेवढीच अंडी देणाऱ्या, पण झाडावर झोपणाऱ्या, घारीला गुंगारा देणाऱ्या, स्वतः उकरून पोट भरणाऱ्या लेगहॉर्न तयार करायच्या. तिचा नियम कडक होता. जी कोंबडी एकदा आजारी पडली, तिची अंडी खायची, उबवायची नाहीत. जी कितीतरी हिवाळे बाहेर काढूनही अंडी देते, तिचीच पिल्लं धरायची. लेगहॉर्न सहसा खुडूक होत नाहीत, अंड्यांवर बसत नाहीत, म्हणून अंडी शेजारणीच्या गावठी कोंबडीखाली ठेवायची.

धाकटी बहीण घरीच शिवणकाम करायची. लहानपणापासून दमेकरी, जीभ मात्र ठणठणीत.

"ताई, यांना लष्करात भरती करणार आहेस का गं?"

एकदा खुराडं दुरुस्त करायला सुतार आला. काम दोन दिवसांचं, पण तो नंतरही येतच राहिला. कधी बिजागरी ढिली, कधी फळी वाकडी. मशीनवर बसून धाकटी गुणगुणायला लागली. शेवटी त्याने थोरलीकडे धाकटीशी लग्नाचा शब्द टाकला.

"आधीच सांगते, मागाहून बोल नको," थोरली म्हणाली. "हिची छाती जन्माची अधू आहे. मुलंही तशीच निघतील."

सुतार हत्यारं गोळा करून गेला. त्यानंतर खुराड्याची एकही बिजागरी ढिली झाली नाही. दाराआडून धाकटीने सगळं ऐकलं होतं. मशीनवरचं गुणगुणणं थांबलं.

वर्षं गेली. लांबलांबून लोक तिच्या तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या, न्यायला येऊ लागले. एका थंडीत एक कोंबडी घरघरायला लागली. इतरांना लागण नको म्हणून थोरली तिला खाटकाकडे घेऊन निघाली, तर धाकटीने ती हातातून काढून घेतली.

"राहू दे. मला सोबत होईल."

"बरं. पण तिची अंडी उबवायची नाहीत हं."

"माहीत आहे. मलाही तू असंच बाजूला काढलंस ना."

'तुझ्या भल्यासाठीच' असं म्हणायला थोरलीने तोंड उघडलं. पण ते खरं की खोटं, हे तिचं तिलाच कळेना.

त्याच हिवाळ्यात धाकटीला दवाखान्यात न्यावं लागलं. थोरली उशाशी बसून होती. "माझं चुकलं गं," ती एकदाची म्हणाली.

धाकटीला धाप लागली होती. "आता कशाला ते? पाणी दे," एवढंच ती बोलली. दोन दिवसांनी ती गेली.

घरी टोपलीत ती घरघरणारी कोंबडी होती, अन् तिच्याखाली अंडी. थोरलीने ती अंडी उचलून इतर अंड्यांबरोबर गावठी कोंबडीखाली सरकवली. खूण म्हणून पिल्लांच्या पायात दोरा बांधायची तिची पद्धत. या वेळी तिने कुणालाच बांधला नाही. महिन्याभरात कोणतं पिल्लू कुणाचं, ओळखू येईना.

पुढे एक बाई तलंगा न्यायला आली. "बाहेर टिकतील ना हो?"

"सांगता येत नाही," थोरली म्हणाली.

बाई जरा घुटमळली आणि रिकाम्या हाताने परत गेली. थोरलीने तिला हाक मारली नाही. शिवणयंत्रावर चढून बसलेलं एक पिल्लू तिने उचललं, छातीशी धरलं, आणि कान लावून त्याचा श्वास ऐकत राहिली.