केरबा आला, केरबा आले

"केरबा, ऊठ तिथून. खुर्च्या पालकांसाठी आहेत."

हेडमास्तर एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडायची त्यांना कधी गरजच पडायची नाही. कापणीच्या सणाची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, सुरू व्हायची होती. शाळेचं सभागृह भरलं होतं, खांबांना ज्वारीची कणसं बांधली होती. पहिल्या रांगेत माझा बा खुर्चीवर बसला होता. धुतलेलं धोतर, कोरा पटका, दोन्ही हात गुडघ्यांवर.

मी पोरींच्या रांगेत सतरंजीवर होते. बा तिथं का बसला, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. त्याला तिथं मी बसवलं होतं.

आम्ही मांग. केकताडाच्या पानांतून वाक, म्हणजे धागा, काढायचा, दोर वळायचे, लोहाऱ्याच्या बाजाराला न्यायचे. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण ते गेल्याचं आमच्या वस्तीला कुणी कळवलं नव्हतं. मी दोन वर्षांची असताना बानं आणि आणखी सहा घरांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनची शाळा आमच्या खेड्यापासून दोन कोसांवर होती. सात घरांत मिळून वाचता येणारी मी एकटी. सहावीतली पोरगी.

दर शनिवारी शाळा सुटताना घरी न्यायला एक कागद मिळायचा. सायक्लोस्टाईलवर काढलेला. शाई ओली असली की बोटं काळी व्हायची. वर पवित्र शास्त्रातलं वचन, खाली शाळेच्या आठवड्याच्या बातम्या, मग 'कुटुंबांसाठी उत्तेजनाचे चार शब्द', शेवटी प्रार्थनेचे विषय. लिहायचे हेडमास्तर. ते ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. त्याला तीन पिढ्या उलटल्या होत्या, पण वरची पायरी त्यांनी बरोबर आणली होती.

रविवारी दुपारी लिंबाखाली सातही घरं जमायची आणि मी तो कागद वाचायची. आधी मला फार मोठेपणा वाटायचा. बायका डोक्यावर पदर घ्यायच्या. म्हातारी गोदामावशी तर तोंडातली तंबाखू थुंकून यायची.

एका रविवारी कागदात बाचं नाव आलं. लिहिलं होतं, 'गणिताच्या मास्तरांच्या सौभाग्यवती आजारी आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. केरबा मांग याचा पाय सुजला आहे, त्याच्यासाठीही करावी.'

मी वाचता वाचता थांबले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बा सुजलेला पाय पुढं करून बसला होता, अंगात नवी बंडी घातल्यासारखा ताठ. मास्तरांच्या बायकोला 'त्यांच्यासाठी' आणि माझ्या बाला 'त्याच्यासाठीही'. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं सगळं धुतलं म्हणे, पण कागदात 'मांग' तसाच राहिला होता.

मी वाचलं, "केरबा यांचा पाय सुजला आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी."

बा म्हणाला, "पुना वाच."

मी पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला रडू आलं, आणि भीतीही वाटली. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, एकदा तहसील कचेरीतला मुन्शी त्याला 'आप बैठिए' म्हणाला होता. बहुतेक ओळखायला चुकला असेल. बा ती गोष्ट बारा वर्षं सांगत होता. आता त्याला दुसरी गोष्ट मिळाली.

एक सांगते. घरात मीसुद्धा 'बा आला' असंच म्हणायची. इथंही तसंच लिहितेय. देवालाही आम्ही 'तू' म्हणतो. त्यात माया असते. कागदातल्या एकेरीत माया नव्हती. तिथं ते दुसऱ्याच कामासाठी ठेवलं होतं. मिशनच्या गोऱ्या मड्डमसाहेब मराठी पुस्तकातून शिकल्या होत्या, त्या म्हशीलाही "तुम्ही बाजूला व्हा" म्हणायच्या. आमच्यापेक्षा त्या म्हशीचा मान बरा होता.

एकदा बदललं, मग दर आठवड्याला बदलावं लागलं. 'केरबा आला' दिसलं की मी 'केरबा आले' वाचायची. 'गोदीने' दिसलं की 'गोदाबाईंनी'. उत्तेजनाच्या चार शब्दांना उदाहरणं लागायची, आणि ती उदाहरणं आम्ही होतो. कोण पूर्वी किती घाण राहायचा. कोण किती प्यायचा. ते मी गाळायची आणि जागा भरायला वचन दोनदा वाचायची. दीड वर्ष.

दीड वर्ष मी घाबरून काढलं. महिन्यातून एकदा प्रचारक यायचे, त्यांना वाचता येत होतं. कागद त्यांच्या हाती लागला तर? म्हणून वाचून झालं की वरचं वचन फाडून ठेवायची आणि उरलेला कागद चुलीत घालायची. आई म्हणायची, देवाचा कागद जाळू नये. मी म्हणायची, देवाचं तेवढं काढून घेतलंय. रात्री पडल्यावर ऐकू यायचं, 'ही पोर खोटं वाचते.'

आणि इकडं बा बदलत चालला होता. दर शनिवारी दाढी करायचा. बाजारात कुणी 'ए केरब्या' म्हटलं की सांगायचा, शाळेच्या कागदात मला 'केरबा आले' असं लिवत्यात. लोक हसायचे. त्याला वाटायचं, जळतात. मला त्याला थांबवायचं होतं. कसं थांबवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं चाललं होतं. मूठ माझी होती आणि आत काहीच नव्हतं.

कापणीच्या सणाच्या आदल्या शनिवारी कागदात सूचना आली. 'सणाच्या दिवशी पालकांनी साडेनऊ वाजता सभागृहात खुर्च्यांवर स्थानापन्न व्हावे. खेड्यांवरील आईबापांनी धान्याच्या टोपल्या व्हरांड्यात ठेवून बाहेरच बसावे.'

मी पहिलं वाक्य वाचलं. दुसरं गिळलं.

गोदामावशीनं विचारलं, पालक म्हंजी कोण? मी म्हटलं, आईबाप. शब्दाचा अर्थ मी खोटा सांगितला नव्हता.

सणाच्या शनिवारी सातही घरं आली. बाकीचे सवयीनं व्हरांड्यातच टेकले. बा एकटा टोपली ठेवून आत गेला आणि बसला.

"ऊठ," हेडमास्तर परत म्हणाले.

बा उठला, पण हलला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "कागदात लिवलं हुतं, सर. पालकांनी खुर्चीवर बसावं म्हून. माझी पोरगी वाचती. आन तुमी मला 'केरबा आले' आसं लिवता. मंग म्या भाईर कसा बसू?"

खुर्च्यांवरची माणसं हसली. खदाखदा नाही. रुमाल तोंडाला लावून, शिकलेली माणसं हसतात तशी.

हेडमास्तरांनी मला पुढं बोलावलं. त्यांच्या हातात मागच्या शनिवारचा तोच कागद होता. म्हणाले, वाच, लिहिलंय तसं वाच. मी दोन्ही वाक्यं वाचली. पालकांचं आणि आईबापांचं. बाचा हात खुर्चीवरून खाली आला. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"आता हे," त्यांनी उत्तेजनाच्या चार शब्दांवर बोट ठेवलं.

'आपल्यातील केरबा मांग याचेच उदाहरण घ्या. पूर्वी तो' एवढं मी वाचलं. पुढं दिसत होतं पण तोंडातून निघेना. मग कागद त्यांनी घेतला आणि स्वतः वाचलं, उपदेशाच्या आवाजात, संथ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पूर्वी तो दारू पिऊन उकिरड्यावर लोळत असे. प्रभूच्या कृपेने तो आता माणसात आला आहे."

माझ्या बानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याचा बाप पिऊन मेला, म्हणून त्यानं लहानपणीच शपथ घेतली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते खुर्च्यांवर बसून मान डोलवत होते.

परकर ओला झाला. पायावरून ऊन धार खाली आली आणि फरशीवर दिसली. शेजारच्या पोरी सरकल्या. मी मेले तर बरं, असं वाटलं. आणि त्याच वेळी माझं तोंड उघडलं.

"हे खोटं हाय, सर. माझे वडील कधी दारू प्याले न्हाईत."

'वडील.' 'प्याले.' कागद हातात नसताना मी हे पहिल्यांदा म्हटलं.

मड्डमसाहेबांनी काय झालं म्हणून विचारलं. हेडमास्तरांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मड्डमसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका." मग आपल्या जागेवर जाऊन बसल्या. हेडमास्तर मला हळू आवाजात म्हणाले, सोमवारी प्रार्थनेच्या वेळी शाळेपुढं चूक कबूल कर, नाहीतर त्या दिवसापासून तुझं नाव या शाळेत नाही. भक्ती सुरू झाली. धान्याबद्दल देवाचे आभार मानले गेले. आमच्या टोपल्या आत आणल्या होत्या.

परत जाताना बानं ओढ्याशी थांबून विचारलं, "दारूचं खरंच लिवलंय?"

व्हय म्हटलं.

"आन तू किती दिस आसं वाचतीस?"

दीड वरीस, म्हटलं. वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो दगडावर बसला, पटका काढून मांडीवर ठेवला.

"मंग ते 'आले' तूच म्हणत हुतीस," तो म्हणाला.

त्याची दुसरी गोष्ट गेली. ती मीच दिली होती आणि मीच काढून घेतली. हेडमास्तरांचा राग आला होता त्याहून जास्त मला माझा राग आला. मला वाटलं होतं, मी बाला वाचवतेय. मी त्याला आंधळा ठेवला आणि हाताला धरून त्या खुर्चीपर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. लिंबाखाली सगळे जमले. मागच्या रविवारी वरचं वचन तेवढं फाडून घेतलेला तो कागद सणाच्या गडबडीत चुलीत जायचा राहिला होता. सभागृहात वाटली नव्हती एवढी भीती मला तिथं वाटली. तिथं परकी माणसं होती. ही माझी. यांनी तोंड फिरवलं तर कुठं जाणार? मी वाचलं, सगळं, आहे तसं. 'केरबा मांग याचे'. 'तो'. 'बाहेरच बसावे'. मग आधीच्या कागदांतलं जेवढं आठवत होतं तेवढं तोंडानं सांगितलं. कुणाविषयी काय लिहिलं होतं, कुणाला घाण म्हटलं होतं, कुणाच्या लेकराला. एकेकाचं नाव घेऊन.

आई मातीत बोटानं रेघा ओढत होती. मग गोदामावशी म्हणाली, "इतके दिस गूळ लावून चारत हुतीस व्हय गं आमाला?"

मी व्हय म्हटलं.

"आता नगं लावू," ती म्हणाली. "कडू आसंल तर कडू दे. आमाला कळू दे कोण काय चारतंय."

बा म्हणाला, माफी माग. शाळा सुटली तर दोर वळावे लागतील तुला. हात जोडले त्यानं माझ्यापुढं. माझ्या बानं, मला. त्याचे हात सालटं गेलेले, वाकानं चिरलेले. तेवढ्यासाठी मी माफी मागितलीही असती. पण कबूल काय करायचं होतं? तो उकिरड्यावर लोळायचा, हे?

सोमवारी प्रार्थनेला शंभरेक पोरांपुढं उभी राहिले. म्हटलं, "मी घरी खोटं वाचलं. ती माझी चूक. कागदात माझ्या वडिलांविषयी खोटं लिहिलंय. ती सरांची चूक."

पुढं बोलू दिलं नाही. हजेरीपटावरच्या माझ्या नावावर रेघ मारली गेली, माझ्यासमोर, पट्टी लावून, सरळ. दप्तर घेऊन बाहेर आले.

पुढं मी सरकारी शाळेत गेले. तिथं दाराजवळ बसवलं, पाणी वरून ओतलं. तिथलं काही गोड होतं असं नाही. सहा घरांनी मिशन सोडलं नाही, बानंही सोडलं नाही. येशूवर त्याचा राग नव्हता. पण त्यानंतर कापणीच्या सणाला आमच्या वस्तीतून टोपली गेली नाही, आणि बानं 'केरबा आले' ही गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही.

मी मास्तरीण झाले, म्हातारी झाले. माझ्याकडं अजून माणसं कागद घेऊन येतात. कचेरीचे, सोसायटीचे, देवळाचे, चर्चचे. ताई, काय लिवलंय बघा. आधी तेच होतं. त्यांच्या तोंडाकडं बघून वाटतं, एक शब्द गाळावा, एक 'यांचा' घालावा. नाही घालत. एक अक्षर गाळत नाही, एक अक्षर बदलत नाही. ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला समोर बसवते आणि मोठ्यानं वाचते. आणि सगळ्यात शेवटी, खाली सही कुणाची आहे, तेही.