वाळवीचा शेरा

दहिसरच्या चेकनाक्याजवळ राहणाऱ्या हरेश्वर पालवांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं कागदावर काढली. वडील मालवणकडचे, गिरणीत कामाला. पोराचं अक्षर मात्र मोत्यासारखं. त्या अक्षराच्या जोरावर घाटकोपरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते ड्राफ्ट्समन म्हणून चिकटले आणि चाळीस वर्षं तिथंच राहिले. आपण कुणाच्या काडीला हात लावला नाही, असं ते सत्तरी उलटेपर्यंत सांगत आले. सांगताना एक गोष्ट तेवढी वगळायचे.

गेल्या वर्षी नेत्रा नावाची एक मुलगी त्यांना शोधत घरी आली. उपनगरातल्या जुन्या सहकारी वसाहती कुणी, कशा बांधल्या याचा ती अभ्यास करत होती. ऑफिस बंद पडल्यावर आर्किटेक्ट साहेबांच्या मुलाने सगळी ड्रॉइंग अंधेरीच्या एका कॉलेजच्या संग्रहाला दिली होती. तिथं नेत्रा महिनाभर धूळ खात ती चाळत बसली होती. तिने मोबाइलवर ऑफिसच्या जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला.

"काका, हे अक्षर तुमचं ना?"

रोल ४१ ते ४७, मुलुंड वसाहत. शेरा : वाळवी लागून नष्ट.

अक्षर त्यांचंच. ते ओळखायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती.

"हो. एकोणऐंशी साली ऑफिस हललं तेव्हा यादी मीच केली होती. फार वाळवी होती गं तेव्हा."

"वाट लागली मग," नेत्रा म्हणाली. "मुलुंडला वनमाला विद्वांस म्हणून एक बाई आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या. ही वसाहत मी आखली म्हणतात. पण सगळीकडे नाव साहेबांचं. आता त्या इमारती रिडेव्हलपमेंटला जातायत, सोसायटी आठवणींचं पुस्तक काढतेय. त्यातही साहेबच. ड्रॉइंगवर बाईंची सही असणार, म्हणून मी शोधत होते."

हरेश्वरनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. चहा पिऊन ती गेली.

त्यांची बायको जानकीबाई कप उचलायला आल्या. आतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ता टाकाऊ कापाड असा म्हणान तुमी माका सांगितलात. मग आता वाळवी खयसून इली?"

त्या काळी महत्त्वाची ड्रॉइंग खळ लावलेल्या तलम सुती कापडावर काढत, ट्रेसिंग क्लॉथवर. खळ धुऊन काढली की हाताला मलमलीसारखं कापड लागे. तेव्हा मुलगी कल्पिता जानकीबाईंच्या पोटात होती. साहेबांनी सांगितलं होतं, एकूण एक रोल यादी करून नव्या जागेत आण. हरेश्वरनी सात रोल घरी आणले. जानकीबाईंनी ते सोडा घालून उकळले, झबली शिवली, दुपटी केली. उरलेल्या तुकड्यांनी दोन वर्षं भांडी पुसली.

कापड नेलं, इथवर ते मनाची समजूत घालू शकत होते. पण रोल शेकडो होते. त्यांनी वनमालाबाईंचेच उचलले होते. बाई तीन वर्षांपूर्वी साहेबांशी भांडून नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांचं काम विचारायला कोण येणार, असा हिशोब त्यांनी तेव्हा उभ्या उभ्या केला होता. आणि रुलिंग पेन कसं धरायचं, शाई न फुटू देता रेघ कशी ओढायची, हे नव्या हरेश्वरला शिकवलं होतं ते याच बाईंनी.

चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी नेत्राला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "काका, हे मला नको, वनमालाबाईंना सांगा." आणि पत्ता पाठवला.

मुलुंडला वनमालाबाईंनी दार उघडलं आणि लगेच ओळखलं. "हरेश्वर! ये. म्हातारा झालास की रे."

हरेश्वर बसले नाहीत. उभ्यानेच सगळं बोलून टाकलं.

"शाई गेली पूर्ण?" बाईंनी विचारलं.

"गेली. दोन पाण्यांत."

"माझेच का घेतलेस?"

या प्रश्नासाठी त्यांनी वाटेत चार उत्तरं जुळवली होती. ती बाजूला ठेवून ते म्हणाले, "वाटलं, तुम्ही काही परत येणार नाही."

"बरोबर वाटलं तुला," बाई म्हणाल्या आणि उठून कोरा कागद घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "मला तोंडी सांगून काय उपयोग? लिहून दे."

त्यांनी तिथंच बसून लिहून दिलं. संग्रहाने ते निवेदन रजिस्टरला जोडून घेतलं. सोसायटीचे सेक्रेटरी अल्पेशभाई मात्र हात जोडून म्हणाले, "अंकल, मॅटर प्रेसमध्ये गेलं. आणि तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण प्रूफ काय दाखवू? झबलं?" पुस्तक निघालं ते साहेबांच्याच नावाने.

मग ड्रॉइंग नव्याने काढायची ठरवून हरेश्वरनी मोजायची टेप काढली. इमारती पडायच्या आत नेत्राला घेऊन ते सात आठवडे मुलुंडला जात राहिले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बाईंनी भिंत बाहेर ढकलून खिडकीखाली बसायला कट्टा दिला होता. चढून दमलेली माणसं तिथं बसत, भाजी निवडत, वाद घालत. मोजताना हरेश्वरना कळत होतं की हे साहेबांना कधी सुचलं नसतं. गुडघे दुखत होते, पण शिक्षा म्हणून ते दुखणं त्यांना कमीच वाटत होतं.

सात ड्रॉइंग पुरी झाली. ती घेऊन ते बाईंकडे गेले. बाईंनी भिंग घेऊन एकेक पाहिलं. तिसऱ्यावर बोट ठेवलं. "इथं पायरी साडेसहा इंची आहे. सात नाही. म्हाताऱ्यांसाठी मुद्दाम ठेवली होती."

"दुरुस्त करतो, बाई."

"बाकी चांगलं आहे. हात अजून टिकलाय तुझा."

हरेश्वरनी पेन पुढे केलं. कोपऱ्यात त्यांनी 'रचना' असा शब्द लिहून पुढे बाईंच्या सहीला जागा सोडली होती.

बाईंनी पेन घेतलं नाही. "हे तू काढलंस, हरेश्वर. उभ्या भिंती मोजून. मी काढलं तेव्हा तिथं मोजायला काही नव्हतं, नुसतं भाताचं खाचर होतं. ते माझं होतं. ते गेलं."

त्यांनी राग धरला नव्हता, की माफही केलं नव्हतं. चहा झाला, गावच्या गोष्टी झाल्या. निघताना बाई म्हणाल्या, "पायरी तेवढी आठवणीने बदल." घरी आल्यावर हरेश्वर कपडेही न बदलता टेबलाशी बसले आणि ब्लेडने सातचा आकडा अलगद खरवडू लागले.