दुसरा फोटो

फोटोवाल्याला तुम्ही कितपत ओळखत होता, असं कोणी विचारलं की फ्रेमवाल्याची पंचाईत होते. दोघांच्या दुकानांत एकच भिंत, आणि दोघांची उभी हयात त्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे गेली. पलीकडून खोकला ऐकू आला की तो सर्दीचा की वैतागाचा, एवढं त्याला कळायचं. पण हा माणूस फोटोच का काढायला लागला, दुपारी खुर्चीत डोळे मिटून पडला की मनात काय असायचं, यातलं काही ठाऊक नाही. रोज दिसणाऱ्या माणसाला असलं काही विचारायला जीभ रेटत नाही. राहून गेलं.

ठाऊक होतं ते एवढंच, की फोटोवाला प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन फोटो काढायचा.

पहिला सगळे काढतात तसा. माणूस फिरत्या स्टुलावर बसायचा, आरशाला दोरीनं बांधलेल्या कंगव्यानं भांग पाडायचा, गरज पडली तर खुंटीवरचा, सगळ्यांत मिळून एकच असलेला काळा कोट चढवायचा. "हनुवटी जरा खाली. डोळे मिटू नका." खटका. मग फोटोवाला म्हणायचा, "झालं." माणूस श्वास सोडायचा, खांदे उतरायचे, ताणून धरलेला चेहरा सैल पडायचा. नेमका तेव्हाच दुसरा खटका.

"पहिल्या फोटोवर पोट चालतं," तो म्हणायचा. "दुसरा माझा."

फ्रेमवाल्याला कलेतलं फारसं कळत नाही. पण जन्मभर लोकांचे चेहरे काचेखाली बसवल्यामुळे त्याला एवढं दिसायचं, की पहिल्या फोटोतली माणसं सगळी एकसारखी असतात आणि दुसऱ्यातलं प्रत्येक माणूस वेगळं असतं.

फोटोवाल्याची इच्छा एकच होती. रस्त्याकडच्या शोकेसमध्ये, हसऱ्या जोडप्यांच्या मधोमध, असा एक तरी दुसरा फोटो लावायचा. मात्र ज्याचा त्याला विचारून. न विचारता लावणं म्हणजे चोरी, असं त्याचं म्हणणं. त्या फोटोसाठी फ्रेमवाल्यानं सागवानाची एक फ्रेम करून ठेवली होती. कोपरे असे जुळवले होते की नखसुद्धा आत जाऊ नये. पण 'हो' म्हणणारं माणूस मिळेना आणि फ्रेम खिळ्यावरून उतरेना. गिऱ्हाईक विचारायचं, "केवढ्याला?" फ्रेमवाला म्हणायचा, "विकायची नाही." "मग टांगलीय कशाला?" यावर तो दुसरी फ्रेम काढून पुढे ठेवायचा.

लोकांचंही चुकत नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाई फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "यात मी थकलेली दिसते."

"थकलेल्याच आहात ना, बाई?"

"ते घरच्यांना माहीत आहे. रस्त्याला कशाला सांगायचं?"

एक बसचालक पोट धरून हसला. "लावा की! बायको रोज म्हणतेच, घरात असं तोंड करून बसता. आता चौकात येऊन बोलेल." हसता हसता फोटो खिशात घालून निघून गेला. एका जाड्या कंत्राटदारानं तर तिथल्या तिथे फाडला. त्या दिवशी भिंतीपलीकडून वैतागाचा खोकला संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

फोटोवाल्याची मुलगी धंद्यात आली आणि दुकानाचं भलं झालं, हे मान्य करायला हवं. फोटो हातोहात छापून मिळू लागले, कपांवर फोटो, उशांवर फोटो. दुकानात पाय ठेवायला जागा उरेना.

"बाबा, बाहेर रांग लागलीय आणि तुम्ही यांना फोटो आवडला का विचारत बसलाय?"

"आवडला का नाही विचारलं. लावू का विचारलं."

"नाही म्हणाले ना? मग सोडा त्यांना!"

मग एकदा ती फ्रेमवाल्याकडे आली. "काका, तुम्हीच त्यांना सांगा. पुढच्या महिन्यात शोकेसमध्ये कप मांडायचेत. तोवर तो एक फोटो लागला, तर कप बाजूला लावीन. नाही लागला, तर मग माझं ऐकायचं."

फ्रेमवाला कधी कोणाच्या कॅमेऱ्यासमोर बसलेला नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं, पण त्यासाठी तो सकाळभर पट्ट्या कापत राहिला. शेवटी पलीकडे गेला. "माझा काढ."

"तू 'हो' म्हणशील?"

"म्हणायलाच आलोय."

फोटोवाल्यानं स्वतः त्याच्या कानावरचा लाकडाचा भुसा झटकला. पहिला खटका झाला. "झालं," फोटोवाला म्हणाला. आणि फ्रेमवाला दुसऱ्या खटक्याची वाट बघत ताठ बसून राहिला.

"अरे, श्वास सोड!"

"सोडला."

"सोडला म्हणून सांगायचं नसतं!"

पुन्हा काढला. 'झालं' न म्हणता काढला. आधीच 'झालं' म्हणून काढला. लाकडाचा विषय काढून मधेच खटका दाबला. छे! प्रत्येक फोटोत फ्रेमवाला भिंतीवर पाल दिसल्यासारखा. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यावरचं फडकं जमिनीवर आपटलं. "अख्ख्या बाजारात 'हो' म्हणणारा एक माणूस, आणि नेमकी त्यालाच माझी खोड ठाऊक!"

त्यानंतरही बरेचदा बसले. दोघं एकमेकांवर चिडायचे, पुन्हा बसायचे. महिना संपला. शोकेसमध्ये कप लागले. मुलीनं सांगून सवरून केलं होतं, तिला बोल लावता येत नाही.

काही दिवसांनी एका दुपारी फोटोवाला फ्रेमवाल्याच्या दारात आला. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात दिसला नाही आणि मग कळलं, की आता येणारच नाही. त्यामुळे त्या दुपारचं बोलणंच शेवटचं.

"लहान खिळे आहेत का?"

फ्रेमवाला काच कापत होता. काचेवर हिरा चालवताना वर बघता येत नाही. पण आताशा हिरा रेघेवरून घसरायचा. काच तडकली, सकाळपासूनची तिसरी. तो मटकन बसला आणि तुकड्यांकडे बघत राहिला. मान वर केली तेव्हा फोटोवाला त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून उभा होता. उजव्या हाताचं एक बोट हवेतच दाबल्यासारखं हललं. दुसरा हात छातीशी गेला. गळ्यात कॅमेरा नव्हता.

"काय रे?"

"काही नाही." त्यानं हात खाली घेतला. "खिळे दे. दोन पुरेत. कपांची फळी हलतेय."

"डब्यात आहेत. घे तुझे तू."

"घेतले. काच सांभाळून उचल, बोट कापून घेशील."