दोऱ्यांनी बांधलेली बोट

भिंतीला कान असतात म्हणतात. फडकंमामांच्या घराच्या भिंतीला तोंडही होतं. तिकडे कुणी शिंकलं की इकडची शेजारीण म्हणायची, "जप रे बाबा." तेव्हा ते भांडण तिनं चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. ती आपली भांडी घासत होती, भांडणच भिंतीतून तिच्याकडे आलं.

"लोकांच्या बोटीतली जळमटं काढता," मामी म्हणत होत्या, "आणि इथं माझ्या डोक्यावर कोळ्यानं संसार थाटलाय, तो दिसत नाही?"

"घरातला कोळी डास खातो," मामा म्हणाले.

"आणि बोटीतला काय उपास करतो?"

"बोटीतला काळे ठिपके पाडतो. पांढऱ्यावर दिसतात."

"बरं, माझी पातेल्यांवरची झाकणं कुठं गेली?"

झाकणं बोटीवर टांगलेली होती. उन्हात चकाकली की पक्षी बिचकतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"मला एकदा तरी बसवलंत का त्या बोटीत?"

"आज नको. आत्ताच धुतलीय."

"मग धुतलेली कधी नसते ते सांगा, तेव्हा येते."

मामांनी यावर खरोखरच विचार केला असावा. मग म्हणाले, "तसं कधी होत नाही."

"त्यापेक्षा मी पाणकावळा झाले असते तर बरं होतं! निदान हाकलायला तरी धावत आला असतात."

शेजारणीच्या हातून तवा पडला. पलीकडे एकदम शांतता झाली, आणि भांडण मिटलं. मिटलं म्हणजे काय, घडी घालून फडताळात ठेवलं.

फडकंमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खांद्यावर सदा फडकं, म्हणून फडकंमामा. लग्नाच्या फोटोतही त्यांचा एक खांदा जरा उचललेला आहे, फडकं घसरू नये म्हणून. फोटोत फडकं नाही, सवय आहे.

बोट होती दातांच्या डॉक्टरांची. पांढरी, शिडाची, धक्क्याला दोन्ही अंगांनी बांधलेली. डॉक्टरांनी जन्मभर लोकांच्या दातांवरचं किटण काढलं. आपल्या बोटीवरचं काढायला मात्र मामांना ठेवलं. आधी ते सुट्टीच्या दिवशी बोट बाहेर काढत. मग गुडघे कुरकुरायला लागले, मग बायको गेली, मग बोट काढणं राहूनच गेलं. मामांचं काम मात्र वाढलं. चालती बोट वाऱ्यानं आणि लाटांनी आपली आपण झटकली जाते. उभी बोट म्हणजे पक्ष्यांना फुकटचं विश्रांतिगृह.

सकाळी मामा धक्क्यावर पोचले की पाणकावळे डोलकाठीच्या आडव्या दांडीवर ओळीनं बसलेले असत, हजेरी द्यायला आल्यासारखे. मामा काठी आपटत. पाणकावळे उडत, पाण्यावर एक चक्कर मारत आणि जाताना शिटून जात. मग मामा ओलं फडकं त्यावर टाकून ठेवत. खरवडायचं नाही, मुरू द्यायचं, मग अलगद पुसायचं. खरवडलं की चरा पडतो, चऱ्यात मळ बसतो, मग तो मळ जन्माचा सोबती. शिडाच्या कापडाला बुरशी धरू नये म्हणून व्हिनेगर. मामींना त्या वासानं मळमळे. मामांना त्या वासानं भूक लागे.

मुंग्या धक्क्याच्या दोरावरून रांगेनं बोटीत येत, म्हणून मामांनी दोरात प्लास्टिकची बाटली कापून ओवली. मुंगी बाटलीपर्यंत येई, वर चढे, घसरे, आणि मागच्या मुंगीला काहीतरी सांगे. गांधीलमाश्यांना पोकळ नळी दिसली की तिथं घर. म्हणून बोटीवर जिथं जिथं भोक होतं तिथं तिथं मामांनी चिंधी कोंबली. मामींच्या जुन्या झग्यानं निम्मी बोट बुजली.

झाकणांना पक्षी आठवडाभर भ्याले. मग त्यांत बघून चोच साफ करायला लागले. तेव्हा मामांनी दोरे आणले. डोलकाठीपासून कठड्यापर्यंत, कठड्यापासून सुकाणूपर्यंत, उभे, आडवे, तिरके. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बोट विणायला घेतलीय आणि मधेच उठून गेलंय. पण पक्षी बसेनात. मामांच्या जिवाला तेवढंच हवं होतं.

एक दिवस डॉक्टर काठी टेकत आले. बरोबर त्यांचा मुलगा. तो धक्क्यावर उभा राहून म्हणाला, "बाबा, किती वर्षं हिला नुसती आंघोळ घालणार? विकून टाका."

डॉक्टर बोटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रविवारी बाहेर काढू. माझ्या हातून चालली तर ठेवतो. नाही चालली तर विकतो. मग हूं की चूं करणार नाही."

मुलगा हो म्हणाला. मामांनी मनाशी हिशेब केला. बोट गेली म्हणजे सकाळ गेली. सकाळ गेली की माणसानं कुठं जायचं? घरी कोळी होता, पण त्याला हाकलायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं.

घरी येऊन म्हणाले, "रविवारी बोटीची परीक्षा आहे."

"मग तुम्ही कशाला घाबरता? पोहायचंय तिला, तुम्हाला नाही," मामी म्हणाल्या.

पण मामांच्या डोक्यानं एकच धरलं: रविवारी बोटीवर एक डाग दिसता कामा नये. त्या आठवड्यात ते जेवायलाही घाईनं येत. होत्या त्या दोऱ्यांवर आणखी दोरे बांधले, प्रत्येक गाठीवर दुसरी गाठ मारली. चिमण्या शिडाच्या खोळीत काड्या नेत होत्या, म्हणून खोळीचं तोंड जाड दोऱ्यानं टाके घालून शिवून टाकलं. शनिवारी संध्याकाळी बोट अशी झाली की तिच्यात मुंगी शिरणार नाही. माणूस शिरेल का, हा प्रश्न मामांना पडला नाही.

रविवारी वारा झकास होता. डॉक्टर जुनी टोपी घालून आले. मुलगा आला. मामी डबा घेऊन आल्या. बोलावलं नव्हतं, पण परीक्षेला घरचं माणूस नको का?

"चला, शीड सोडा," डॉक्टर म्हणाले.

"दोन मिनिटं," मामा म्हणाले.

ते पहिल्या गाठीला लागले. मग दुसऱ्या. दव पडून गाठी दगड झाल्या होत्या. मुलगा चिंध्या उपसू लागला. एका नळीतून बाही निघाली, दुसरीतून खिसा.

"मामा, चाकू आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "कापून टाकू."

"कापू नका. दोरा चांगला आहे. संध्याकाळी परत बांधायचाय."

मुलानं बापाकडे बघितलं. मामा नखांनी, दातांनी गाठी सोडवत राहिले. मधे कुठंतरी त्यांच्या लक्षात आलं होतं. कपाळावरचा घाम वाऱ्यानं वाळत होता तो आता वाळेना. चाकू म्हणावं, एवढा एक शब्द होता. पण जो दोरा आपण नीट बांधला तो कापायचा, हे काही त्यांच्या तोंडून निघेना. हात आपले काम करत राहिले, आणि जीव आत तडफडत राहिला.

खोळीचा शेवटचा टाका उसवला तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. मुलानं धक्क्याचे दोर सोडले आणि शिडाचा दोर ओढला. शीड वर गेलं. पांढरंशुभ्र, एक डाग नाही. आणि वाळत घातलेल्या चादरीसारखं जागच्या जागी लोंबत राहिलं. वारा केव्हाच निघून गेला होता. पाणी थाळीतल्या पाण्यासारखं.

डॉक्टरांनी सुकाणू धरलं. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. बोटीनं जराही मनावर घेतलं नाही.

"इतकी स्वच्छ बोट मी जन्मात बघितली नाही," ते म्हणाले. "चालत मात्र नाही."

"हे सगळं यांच्या दोऱ्यांमुळे," मुलगा म्हणाला.

मामी धक्क्यावरून ताडकन बोलल्या, "एवढी वर्षं तुम्हाला कुणी बांधून ठेवलं होतं? यायचं होतंत की एखाद्या रविवारी! तेव्हा दोरे नव्हते, चिंध्या नव्हत्या, माझी झाकणंही घरात होती!"

मुलगा टोपी नसताना टोपी सारखी करू लागला. डॉक्टर हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "या, बसा आत. कुठं जायचं नाहीच आहे."

मामी बोटीत चढल्या. चपलांसकट. मामांनी चपलांकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि डबा हातात घेतला. चौघंही लोंबत्या शिडाच्या सावलीत जेवले. जेवताना कुणी वाऱ्याचं नाव काढलं नाही.

डॉक्टर शब्दाचे पक्के. त्यांनी हूं की चूं केलं नाही, बोट विकली. घेणारं जोडपं सुखवस्तू, हसतमुख. एका सोमवारी बोट न्यायला येणार होतं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी निरोप पाठवला: मामा, आता तुम्ही यायची गरज नाही, समुद्रच धुईल तिला.

सोमवारी मामा उठले, चहा प्याले, फडकं खांद्यावर टाकलं.

"अहो, निरोप मिळाला ना?" मामींनी विचारलं.

"मिळाला."

"मग?"

"सोमवार आहे," मामा म्हणाले.

धक्क्यावर नवे मालक सामान चढवत होते. मामांनी त्यांना नमस्कार केला आणि बादली भरली. बोटीच्या टोकापासून सुरुवात केली, मागे मागे सरकत आले. नव्या बाईंनी पिशवी ठेवली, मामांनी ती उचलून पुसलेल्या जागेवर ठेवली. एका पाणकावळ्यानं जाता जाता आपलं काम केलं. मामांनी त्यावर ओलं फडकं टाकलं, मुरू दिलं, अलगद पुसलं.

"अहो, आम्ही आता निघतोय," नवे मालक म्हणाले.

"निघा की," मामा म्हणाले. "एवढा कठडा राहिलाय."

कठडा झाला. मामा धक्क्यावर उतरले. बोटीच्या कडेवर त्यांच्या ओल्या पावलाचा ठसा उमटला होता. ते वाकले, तो पुसला, आणि दोर सोडला.