चुलीपुढचं इंग्रजी

बाबांचं इंग्रजी राणीच्या काळातलं होतं, पण त्यांना ते माहीत नव्हतं. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या खेड्यात ते प्राथमिक शाळेत गुरुजी. वरोऱ्याच्या बाजारात रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश मिळाला. पुढची पानं गेलेली, त्यामुळे तो किती जुना ते कळायला मार्ग नव्हता. बाबांनी तो आजचाच धरला आणि रोज संध्याकाळी त्यातला एकेक शब्द घरी आणायला लागले.

घरी म्हणजे चुलीपुढे, कारण माय तिथे असायची. तिची शाळा चौथीतच सुटली होती आणि त्याची खंत तिला होती, पण घोकंपट्टीला ती बधणारी नव्हती. तिची एकच अट. "वस्तू दाखवा, मंग शब्द घेतो." मग बाबा दाखवत. चूल म्हणजे हार्थ. आरसा म्हणजे लुकिंग-ग्लास. पांघरूण म्हणजे काउंटरपेन. पंधरवड्याला फोर्टनाईट म्हणतात हे दाखवायला त्यांनी पौर्णिमेपासून अमावस्येपर्यंत तिला रोज अंगणात नेलं. डास फोडून खात होते, पण दोघांपैकी एकानेही माघार घेतली नाही. मी त्यांच्या मधेच बसून पेंगायचे.

एके दिवशी शब्द आला ॲनॉन. त्याचा अर्थ थोड्याच वेळात, लवकरच. आता हे काय दाखवणार? बाबा उठले, "ॲनॉन" म्हणाले, अंगणाच्या फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन पाटावर बसले. "आपण निघताना जातो म्हणत नाई, येतो म्हणतो. तसंच हे," ते म्हणाले. मायला हा शब्द भारी आवडला. बाबा पानठेल्याकडे निघाले की ती आतूनच विचारायची, "ॲनॉन का?" बाबा तासभर गप्पा हाणून यायचे, तेव्हा त्यांचा आणि त्या शब्दाचा एकदमच उद्धार व्हायचा.

पुढे मी चंद्रपूरला नोकरीला लागले आणि कळलं की यातले बरेच शब्द खुद्द इंग्रजांनीही केव्हाच माळ्यावर टाकलेत. एकदा तिथल्या दुकानात बाबांनी काउंटरपेन मागितलं, तर दुकानदाराने त्यांना समोरचं वह्या-पेनांचं दुकान दाखवलं. मी हसून हसून बेजार. बाबा शांत. "त्याले येत नसंल," म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात, धान कापणी चालू असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. चंद्रपूरच्या दवाखान्यात ते शुद्धीवर आले, पण मराठी गेली होती. तोंडातून आवाज निघायचा, त्याचा शब्द होत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायाशी घसरलेली चादर चांगल्या हाताने ओढली आणि म्हणाले, "काउंटरपेन." डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, एक भाषा दबते आणि मागून शिकलेली शिल्लक राहते. मी बाबांचे शब्द मराठीत करून नर्सबाईंना सांगायला लागले. त्यांचं आमच्यापर्यंत पोचत होतं. आमचं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. आम्ही बोलायचो आणि ते घाबरून नुसते बघत राहायचे.

तशात मेंदूचा फोटो पुन्हा काढायचा ठरलं. पुढचा इलाज त्यावर अवलंबून होता. त्या मशीनमध्ये एकट्याने निश्चल पडून राहावं लागतं, आणि बाबांनी मायचा पदर असा घट्ट धरला की सुटेना. मी समजावलं, डॉक्टरांनी इंग्रजीतही समजावलं, पण बाबांकडे उरले होते ते सुटे जुने शब्द, ही भरभर वाक्यं त्यांना उमगेनात. शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, गुंगीचं इंजेक्शन देता येईल, पण यांच्या छातीकडे पाहता धोका आहे.

माय वाकली. "गुरुजी," ती म्हणाली, "ॲनॉन."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हळूच पदर सोडवला, दारापर्यंत गेली, परत येऊन त्यांच्यापाशी उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "ॲनॉन." बाबांचा हात पुन्हा पदराकडे गेला नाही.

स्ट्रेचर आत गेलं. मी मायला म्हटलं, चल, घोटभर चहा घे. ती दारासमोरच्या बाकावरून हललीही नाही. "मी येतो म्हणून सांगतलं त्याईले. मंग कुठी जाऊ?" दार उघडलं तेव्हा बाबांना पहिली तीच दिसली.

आता बाबांची मराठी परत येते आहे, अडखळत का होईना. मला त्या रद्दीवाल्याचे आभार मानायचे आहेत, पुढची पानं फाडणाऱ्याचेसुद्धा. मायच्या त्या अटीचे मात्र मानावे तितके थोडेच. तिच्या हट्टामुळे माझे बाबा आज खाटेवर बसून माझ्याशी हुज्जत घालतात, आणि मला त्याचा इतका आनंद होतो की मी मुद्दाम हरते.

परवा रविवारी मी चंद्रपूरला परत निघाले. पाया पडले, पिशवी उचलली. बाबांनी विचारलं, "ॲनॉन?"

मी हो म्हणाले, पण ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मी फाटकापर्यंत गेले, परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि मगच एसटी पकडायला निघाले.