रिकामा डबा

आमच्याकडे म्हातारपणी विसरणं हा आजार नव्हताच मुळी. ‘साठी, बुद्धी नाठी’ म्हटलं की घरातले मोकळे. त्यामुळे पुण्याच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरबाई म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर संशोधन करायला आमच्या कॉलनीत येणार, हे कळलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. पण बाईंना घरोघर हिंडून प्रश्न विचारायला इथलीच एक शिकलेली मुलगी हवी होती. मी नुकतीच बी.ए. होऊन घरात माशा मारत बसले होते, आणि विसरणारं माणूस आमच्याच घरात होतं. माझी आई. म्हटलं, बघू तरी काय विचारतात ते.

आम्ही मूळचे राजगुरुनगरच्या पलीकडचे. बासष्टच्या सुमारास पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, एका छोट्या कंपनीत लेथ मशिनवर लागले. आधी पिंपरी गावात भाड्याची खोली, मग संत तुकाराम नगरात दोन खोल्या. आई घड्याळ बघायला कधी शिकली नाही. तिला गरजच पडली नाही. कंपनीचा भोंगा झाला की ती स्टोव्ह पेटवायची, पुढचा भोंगा व्हायच्या आत भाकरी थापून व्हायच्या.

मोठ्या कंपन्यांत कॅन्टीन असायचं. आबांच्या कंपनीत नव्हतं. म्हणून जवळपास राहणाऱ्या बायका दुपारी गरम डबा घेऊन गेटवर जायच्या. वॉचमनच्या केबिनशेजारी भिंतीला एक लांब फळी ठोकलेली होती. डबा त्या फळीवर ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत ज्याचा त्यानं उचलायचा, जेवून धुऊन परत फळीवर ठेवायचा. तोवर बायका बाहेर लिंबाखाली गप्पा मारत बसायच्या आणि रिकामे डबे घेऊन घरी यायच्या. आईच्या डब्याच्या कडीला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली असायची. ती हिरवी चिंधी लांबूनही ओळखू यायची.

आबा रिटायर व्हायला आले होते. एका सकाळी चहा पिता पिता गेले. कप हातातच राहिला. आईनं सगळं धीरानं केलं, दहावं झालं, तेरावं झालं, आणि मग वर्षभरानं तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी मीठ दोनदा पडायला लागलं. मग शेजारणींची नावं गेली. आणि एके दिवशी भोंगा झाल्याबरोबर ती उठली, स्टोव्ह पेटवला, भाकऱ्या केल्या, ठेचा केला, डबा भरला आणि चिंधी बांधून निघाली.

मी दारातच अडवलं. “आई, आबा गेले ना गं. विसरलीस का?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की आजही ते आठवलं तर घास उतरत नाही. मग खाली बसली आणि मोठ्यानं रडली. “कवा गेले? मला कुनीच कसं न्हाई सांगितलं?” शेजारच्या बायका धावत आल्या. सगळं पहिल्यापासून झालं, जणू आबा त्याच सकाळी गेले होते. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि ती पुन्हा डबा भरायला बसली. या वेळी मी तिला जाऊ दिलं. वॉचमन दिघीत राहणारा रिटायर फौजी होता, आबांचा दोस्त. त्यानं नेहमीसारखा डबा फळीवर ठेवून घेतला.

असं आमच्या घरात चालू असताना बाईंचं संशोधन सुरू झालं.

बाई हुशार, सरळ आणि भलत्याच पुणेरी होत्या. त्यांचे प्रश्न कुठल्या तरी परदेशी चाचणीवरून केलेले होते. आंबा, खुर्ची, छत्री हे तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे. एक आजोबा म्हणाले, “आंबा हाय ध्यानात. खुर्ची आमच्या घरात न्हाई, ती कशापायी ध्यानात ठिवू?” ‘आज वार कोणता’ याचं उत्तर निम्म्या घरांत ‘सुट्टीचा आदला दिस’ असं यायचं, कारण कॉलनीचा आठवडा कंपनीच्या सुट्टीवर चालायचा. पंचांगाला कोण विचारतो! पण खरी गंमत पुढच्या प्रश्नाला झाली. तुमच्या पतीचं नाव काय? पहिल्या दिवशी जेवढ्या म्हाताऱ्या भेटल्या तेवढ्या सगळ्या पदर तोंडाला लावून खाली बघत राहिल्या. बाईंनी सगळ्यांच्या नावापुढे फुली मारली. चेहरा गंभीर. संध्याकाळी म्हणाल्या, “परिस्थिती फारच वाईट दिसते गं इथली.”

मला हसू आवरेना. “अहो बाई, या विसरलेल्या नाहीत, लाजल्यात. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं!”

बाईंनी कपाळाला हात लावला. “माझी सख्खी आजी घ्यायची नाही, आणि मला सुचू नये!” मग आम्ही दोघी हसत सुटलो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही उखाणा घ्यायला सांगू लागलो. वार, महिना, नातवंडं सगळं विसरलेल्या बायका उखाणा मात्र घडाघडा म्हणायच्या. बाई म्हणायच्या, विसरणं एकदम सगळीकडून येत नाही. नवीन आधी जातं, जुनं मागं राहतं, आणि हातांना लागलेलं वळण सगळ्यात शेवटी जातं. मला ते पटलं. आमच्या घरात मी तेच बघत होते.

आपल्या घरचं माणूस आपण तपासायचं नाही, असा बाईंचा नियम होता. म्हणून आईकडे त्या स्वतः आल्या. मी कोपऱ्यात बसले. आईनं त्यांना चहा दिला, साखर विसरली, बाई तसाच प्यायल्या.

“हे कुठलं गाव, आजी?”

“पिंपरी न्हवं का.”

“आणि ही कोण?” बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

आईनं मला नीट निरखलं. नाव तिच्या ओठांपर्यंत आल्यासारखं वाटलं आणि आलं नाही. मग ती समजूत काढल्यासारखी हसली. “ही व्हय? ही आपल्या घरातलीच हाय की.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच माठात डोकावत राहिले. मला फार वाईट वाटलं, लपवत नाही. आईच्या तोंडून आपलं नाव ऐकायची सवय इतकी अंगात मुरलेली असते की ते थांबलं की घर परकं वाटायला लागतं. बाहेरून बाईंचा पुढचा प्रश्न ऐकू आला. मालक कुठं असतात? आणि आईचं उत्तर, “कंपनीत. आता सुट्टी झाली की जेवत्याल.”

जाताना बाईंनी मला बाहेर बोलावलं. त्यांचं म्हणणं होतं की अशा माणसाला खोट्यात राहू देऊ नये. रोज हळूच खरं सांगावं, म्हणजे ते आजच्या जगाला धरून राहतं. त्या वाईट बुद्धीनं बोलत नव्हत्या, तेव्हा असंच शिकवलं जात असावं. पण माझं डोकं फिरलं. “बाई, तुम्ही रोज सकाळी विधवा होऊन बघा, मग मला सांगा,” मी म्हणाले. बाईंनी हातातले कागद मिटले आणि म्हणाल्या, “बरं. पण तिला कळलं तर काय करशील?”

मला एवढंच हवं होतं की आईला आबा पुन्हा गमवावे लागू नयेत. डबा जात होता आणि रिकामा परत येत होता, तोवर आबा कंपनीत होते.

डबा कोण खातं, हे मी वॉचमनला विचारून घेतलं होतं. आबांच्या लेथवर आता बीडकडचा एकजण होता. चार जणांत खोली करून राहायचा, खानावळीत जेवायचा, आणि खानावळीच्या डाळीला नावं ठेवायचा. अन्न वाया कशाला घालवायचं, म्हणून वॉचमननं त्याला डबा दिला होता. मी एकदा त्याला गेटवर भेटले. तेलाचे हात फडक्याला पुसत आला. संकोचला होता. म्हणाला, “ताई, मावशीच्या हातचा ठेचा लै भारी हाय वो. माझ्या मायची याद येती.” मी म्हटलं, खा बाबा, तेवढंच आईचं समाधान. महिनोन्‌महिने असं सुरळीत चाललं.

मग तो सुट्टीवर गावी जाऊन आला.

त्या दुपारी मी जेवायला घरी आले होते. आई नुकतीच गेटवरून आली होती आणि मोरीपाशी बसून डबा उघडत होती. पहिला कप्पा उघडला आणि तिचा हात थांबला. आत शेंगदाणे आणि गुळाचा एक चांगला मोठा खडा होता.

“ह्यो डबा कुनी खाल्ला?” आईनं विचारलं.

“आबांनी. आणखी कोण खाणार?” मी म्हटलं.

“न्हाई.” तिनं मान हलवली. तिचा आवाज कित्येक महिन्यांत इतका ठाम ऐकला नव्हता. “परक्याचं भांडं भरून धाडायचं असतं. घरचा मानूस रिकामंच देतो. तुजा आबा कवा डब्यात काय घालून देतो का?”

मला आमच्या रीतीचा जेवढा राग त्या क्षणी आला, तेवढा कधीच आला नाही. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे मलाही तिनंच शिकवलं होतं. त्या बिचाऱ्यालाही त्याच्या आईनंच शिकवलं असणार. झालंही तसंच होतं. ‘इतके दिवस एका माउलीचं खातोस आन्‌ मोकळा डबा देतोस? लाज न्हाई वाटत?’ असं म्हणून तिनं घरच्या शेंगा आणि गूळ बांधून दिला होता, हे नंतर कळलं. पण तेव्हा मी नुसती उभी होते. आई गुळाकडे बघत होती.

“त्ये न्हाईत व्हय गं आता?” तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, “नाहीत, आई.”

मी तिच्या रडण्याची वाट बघत राहिले. ती रडली नाही. पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ डब्याच्या चिंधीवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, “मग खातं कोन?”

मी सांगितलं. बीडचा आहे, आबांच्या लेथवर आहे, एकटा राहतो, खानावळीत जेवतो, तुझा ठेचा त्याला आवडतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी किती खातो, विचारलं. मग गुळाचा खडा फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

“त्याला म्हनावं,” ती म्हणाली, “डबा रिकामा धाडत जा. घरच्यानं काय घालून द्यायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. ती उठली, स्टोव्ह पेटवला आणि मला म्हणाली, “तुजा आबा आज न्याहारी न करताच गेला, पोरी.” कालचं सगळं गेलं होतं. पण डब्यात भाकरी एक जास्त होती. हे कसं, ते मी बाईंना विचारलं. त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मी गेटवर जाऊन आईचा निरोप सांगितला. बीडवाला ऐकून खाली बघत उभा राहिला. “रिकामा देताना हात जड व्हतो, ताई,” म्हणाला. पण त्यानं ऐकलं. त्यानंतर आई होती तोवर डबा रोज रिकामा आला, घासून स्वच्छ. आई तो उघडून आत बघायची आणि तिचं तोंड उजळायचं. आबांनी खाल्ला म्हणून, की त्या परक्या पोरानं घरच्यासारखा परत दिला म्हणून, मला कधीच कळलं नाही.

आई गेली, पुढे बाईंचं काम संपलं आणि त्या बदलून दुसऱ्या गावी गेल्या. त्यांच्या संशोधनात आई कुठेतरी एक आकडा असेल. माझं नाव तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. शेवटपर्यंत मी ‘घरातलीच’ होते. तेव्हा ते मला फार कमी वाटायचं.

आता माझीच साठी उलटून किती काळ झाला. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी माझी गत आहे. चष्मा डोक्यावर असतो आणि मी तो घरभर शोधते. कधी कधी मनातल्या मनात आंबा, खुर्ची, छत्री म्हणून बघते. भोंगे कधीचेच बंद झाले. इमारतीतल्या शेजारणी चांगल्या आहेत. काही नवं केलं की मी देते, आणि त्या भांडं परत करताना आठवणीनं काहीतरी घालतात. परवा एकीनं पातेल्यात दोन लाडू दिले. मी हसून घेतले, तिचं कौतुक केलं. ती गेल्यावर मात्र पातेलं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. मला रिकामं भांडं परत देणारं आता कुणी उरलेलं नाही.